फौजदार साहेबांचा तास

निवृत्त झाल्यावर मी पोलिसांना शिकवायला जाऊ लागले, ते घरात कुणाला फारसं पटलं नव्हतं. कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवायचे. तिथेही माझ्या तासाला पोरं नाइलाजानेच बसत. मग पोलीस कशाला ऐकतील, असं जावयाने हसत विचारलं होतं. मी म्हटलं, बघू तरी.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात हा वर्ग भरायचा. जात, धर्म, आदिवासी, भटके. ठाण्यात आलेला माणूस कुठल्याही घरचा असला तरी त्याच्याशी कसं वागायचं, हा विषय. बहुतेक जण बंदोबस्तावरून थेट आलेले असत. डोळे तांबारलेले, बुटांवर धूळ. वरिष्ठांनी कुणाला तरी पाठवायचं म्हणून आपल्याला पाठवलंय, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळायचं. जेवण झालं की मागच्या रांगा सरळ झोपत.

त्यांना जागं ठेवायचे ते फौजदार साहेब. माझ्यासोबत शिकवायला एक निवृत्त पोलीस हवा, असं मीच वर्गाच्या आयोजकांना सांगितलं होतं आणि त्यांनी यांना गाठून दिलं. शिपाई म्हणून लागले आणि फौजदार होऊन बाहेर पडले. मुसलमान, जुन्या नाशकातले, पिढ्यान् पिढ्या तिथेच राहणारे. उंच, किंचित पोक आलेले, शर्टाच्या खिशाला नेहमी चष्म्याचं घर. मी तासभर बोलून जे पोचवू शकत नसे, ते हा माणूस दोन वाक्यांत पोचवायचा.

"पेठ-सुरगाण्याकडचा आदिवासी माणूस ठाण्यात आला की दाराशी उकिडवा बसतो," ते सांगायचे. "का बसतो? त्याला खुर्ची नको असते म्हणून? नाय. त्याला कुणी कधी बस म्हटलेलंच नसतं. तर आधी खुर्ची द्यायची. मग पाणी. मग नाव विचारायचं. नाव आधी विचारलं की आपलं डोकं फिरतं. नावावरून आपण ठरवून टाकतो, हा चोर की साव."

मग ते खुर्ची पुढे ओढत आणि दोघांना उभं करत. एकाने ठाण्यातला अधिकारी व्हायचं, दुसऱ्याने तक्रार घेऊन आलेला माणूस. पोरं आधी लाजत, हसत, नंतर रंगून जात.

अशाच एका तुकडीत एक तरुण उपनिरीक्षक होता. नेटका, नम्र, मराठी अगदी स्वच्छ. अधिकाऱ्याचं काम त्याने इतकं छान केलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आवाज चढवला नाही, खुर्ची दिली, पाणी दिलं, समोरच्याचं बोलणं मध्ये तोडलं नाही. जाताना त्याने फौजदार साहेबांना वाकून नमस्कार केला. रिक्षात साहेब म्हणाले, "मॅडम, अशी चार पोरं निघाली ना, तरी आपलं काम झालं." मी त्यांना इतकं खुशीत क्वचितच पाहिलं असेल.

त्यानंतरच्या वर्षी जुन्या नाशकात एका मिरवणुकीत दगडफेक झाली. संध्याकाळची वेळ होती. आधी दगड कुणी मारले, कुणावर मारले, यावर आजही दोन बाजूंची दोन उत्तरं आहेत. मला ते टीव्हीवर कळलं. मी साहेबांना फोन लावला, तो लागला नाही. सकाळी त्यांचाच फोन आला.

"मॅडम, मुलाला उचललंय," ते म्हणाले. "तुम्ही येता का? एकट्याने गेलो तर मी फक्त बाप असेन."

त्यांचा मुलगा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत होता, मालाची तपासणी करायचा. त्या दिवशी ओव्हरटाइम करून घरी येत होता. गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरला, अंगात कंपनीचा शर्ट, हातात डबा. पोलीस तेव्हा त्या गल्लीतून दिसेल त्या तरुणाला गाडीत घालत होते. आयडी दाखवतो म्हणून त्याने खिशात हात घातला, तेवढ्यावर त्याला दोन काठ्या बसल्या. हे शेजाऱ्याने खिडकीतून पाहिलं होतं.

आम्ही ठाण्यात गेलो. बाहेर बायका बसल्या होत्या, काही बुरख्यात, काही ओढणी डोक्यावर घेऊन. साहेबांच्या पत्नी त्यांच्यातच होत्या. मला पाहून त्या नुसत्या म्हणाल्या, "मॅडम, उसने कल दोपहर से कुछ खाया नहीं होगा." त्यांच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. तो आत घेत नव्हते.

आत टेबलामागे तोच उपनिरीक्षक बसला होता.

साहेबांना पाहताच तो उठला. "या सर, बसा," म्हणाला. मलाही खुर्ची दिली. शिपायाला सांगून पाणी आणवलं, मग चहा सांगितला. त्याचा आवाज तसाच होता, वर्गातल्यासारखा. साहेबांनी ग्लास हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"माझा मुलगा आत आहे," ते म्हणाले.

"हो सर, मला सकाळी कळलं. वाईट वाटलं."

"दगडफेक झाली तेव्हा तो कंपनीत होता. गेटवर कॅमेरा आहे, तुम्ही मागवून घ्या. मी सोडा म्हणत नाय. एवढं बघा आणि मग ठरवा."

"सर, चौकशी चालू आहे. सगळं बघणार. पण तुमचा मुलगा म्हणून मी त्याचं आधी बघू का? तुम्हीच शिकवलंत, ठाण्यात आलेला प्रत्येक माणूस सारखा. बाहेर इतके लोक बसलेत. त्यांना मी काय सांगू?"

तो टोमणा मारत नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहत होते. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि ते टोमण्यापेक्षा वाईट होतं. साहेबांनी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. त्यांचेच शब्द होते ते.

मग मी विचारलं, "आत जे आहेत, त्यांत दुसऱ्या बाजूचा एक तरी आहे का?"

त्याने टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं. "मॅडम, मला वरून गल्ली सांगितली होती. त्या गल्लीत जे भेटले ते आणले."

"आणि दगड दोन्हीकडून आले."

"चौकशी चालू आहे," तो म्हणाला.

चहा आला. कुणीच घेतला नाही. डबा आत पोचवण्याचं मात्र त्याने कबूल केलं आणि तो शब्द पाळला, हे सांगायलाच हवं. आम्ही उठलो तेव्हा तो दारापर्यंत सोडायला आला. बाहेरच्या बायका आमच्याकडे आशेने पाहत होत्या. ज्यांना आत खुर्ची मिळाली ते काहीतरी करून आले असतील, असं त्यांना वाटलं असणार. साहेब मान खाली घालून त्यांच्यामधून गेले.

मुलाला कोर्टात उभं केलं, जामीन व्हायला काही दिवस गेले. कॅमेऱ्याचं चित्रण वकिलाने मिळवलं. त्यात तो दगडफेक होऊन गेल्यावर गेटमधून बाहेर पडताना स्वच्छ दिसत होता, आणि कित्येक महिन्यांनी त्याचं नाव गुन्ह्यातून निघालं. तोवर कंपनीने त्याला घरी बसवलं होतं. काढलं असं कुणी म्हणालं नाही. कंत्राट संपलं, एवढंच सांगितलं. पुढे प्रत्येक सणाच्या आधी त्याला ठाण्यात बोलावणं येऊ लागलं. खबरदारी म्हणून. दिवसभर बाकावर बसवायचे आणि सोडायचे. दोनदा असं झाल्यावर तो पुण्याला निघून गेला.

साहेब त्यानंतर वर्गाला एकदाच आले. नेहमीप्रमाणे वेळेआधी आले, पुढे उभे राहिले, खुर्ची ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून थांबले. समोर नवीन तुकडी होती, त्यांना काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, आता ते मुलाची हकिकत सांगतील. सांगायला हवी, असंही मला वाटत होतं. पण ते म्हणाले, "पुढचं मॅडम सांगतील," आणि जाऊन शेवटच्या रांगेत बसले, झोपलेल्या पोरांच्या शेजारी. मी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही.

मध्ये एकदा मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने शीरखुर्मा दिला. मुलाला पुण्यात खोली मिळत नाहीये, नाव सांगितलं की मालक म्हणतात, पाहुणे येणार आहेत, असं त्या सांगत होत्या. साहेब ऐकत होते. मी वर्गाचा विषय काढला. माझ्या जोडीला आता एक तरुण प्रशिक्षक दिलाय, तो पडद्यावर चित्रफिती दाखवतो, पोरं झोपत नाहीत, असं सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले.

"तुम्ही या ना. एखादा तास."

"काय सांगू, मॅडम? मी जे सांगत होतो ते खोटं नव्हतं. त्या पोराने सगळं तसंच केलं. एकही गोष्ट चुकवली नाय. चुकवली असती तर मला राग तरी आला असता."

मी निघाले तेव्हा ते रिक्षा मिळवून द्यायला कोपऱ्यापर्यंत आले. तिथे बंदोबस्ताचा तंबू होता. एक शिपाई खुर्चीतून ताडकन उठला आणि त्याने सलाम केला. आमच्या कुठल्या तरी तुकडीतला असावा. साहेबांनी तो सलाम पाहिला की नाही, मला कळलं नाही. ते माझ्यासाठी रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालत होते.

पुढच्या आठवड्यात नवीन तुकडी होती. मी गेले. अजूनही जाते. कशाला जातेस, हे घरचे आता विचारत नाहीत, आणि विचारलंच तर काय सांगायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.