सुनंदाबाईंचे सुलटे फेरे

भिसेगावच्या सुनंदाबाई तांब्याच्या तारेच्या कॉइली गुंडाळतात. नवनाथच्या कर्जतमधल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात विहिरीवरच्या पंपापासून मिक्सरपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलंय. हात सरळ आणि स्वभाव त्याहून सरळ, म्हणजे कुणाचं ऐकायचं नाही.

यंदा एका संशोधन संस्थेनं बोटाएवढ्या कॉइलींची ऑर्डर दिली. तिथे सूर्यासारखा तापलेला वायू चुंबकांच्या जोरावर कोंडून ठेवतात. तो चुळबुळला की भोवतालचं चुंबकत्व थरथरतं, ती थरथर या कॉइलींनी पकडायची. कॉइली जोडीनं लागतात, एक सुलटी, एक उलटी. दोघींची वजाबाकी केली की विजेचा फालतू गोंगाट जातो आणि थरथर तेवढी उरते. कागदावर बाण काढून दिले होते. बाईंनी बाण पाहिले आणि सगळ्याच कॉइली प्रदक्षिणेच्या दिशेनं गुंडाळल्या. उलटे फेरे मढ्याभोवती घालतात, एवढं शिकलेल्यांना कळू नये म्हणजे कमाल झाली.

कॉइली बसल्या. वजाबाकीत गोंगाट गेला, थरथरही गेली. पडद्यावर सरळ रेघ. साहेबांना वाटलं, वायू शहाणा झाला. त्यांनी पेढे वाटले. चूक कळल्यावर संशोधक हर्षला कर्जतला येऊन धडकली.

"काकू, निम्म्या उलट्या हव्या होत्या."

"उलट्या मी नाय गुंडाळत."

नवनाथनं कपाळ धरलं. "काकू, हे काम शेलूच्या मशीनवाल्याकडं जाईल. मग तुमी मिक्सरच भरा जल्मभर."

बाईंची सून, जी एरवी कौतुकाला महाग, ती हल्ली शेजारी सांगत होती, "आमच्या आई सूर्याचं काम करतात." परत मिक्सर? पण मढ्याचे फेरे ते मढ्याचेच.

हर्षलानं वैतागून एक कॉइल उचलली, बोटांत फिरवली आणि थबकली. खालचं टोक वर करून तिनं ती बाईंपुढे धरली. "आता या बाजूनं बघा. फेरे कसे दिसतात?"

बाईंनी चष्मा पुसला. "उलटे."

"बसवायची भोकं दोन्ही टोकांना सारखीच आहेत. जोडीतली एक आम्ही उलटी बसवतो."

"म्हंजे मी सुलटीच गुंडाळली?"

"सुलटीच."

"उलटं काय ते तुमी केलं."

"आम्ही केलं."

"मंग माझं कायी म्हननं नाय. नवनाथ, शेलूवाल्याला कळव रं, मिक्सर भर म्हनावं."

वरचं टोक ओळखू यावं म्हणून सुनेच्या नेलपॉलिशचे ठिपके द्यायचं ठरलं. हर्षला निघाली, तशी बाईंनी हाक मारली.

"गं पोरी, उलट्या बसवनार कोन?"

"मीच."

"मंग बसवून झालं की डोक्यावरनं आंघोळ कर. तवर घरात शिरू नको."