उंच माणसांचं घर

आमच्या भागात हा आजार नाही, असं मला पहिल्यांदा सांगितलं ते माझ्या मार्गदर्शकांनी. मी तेव्हा नागपुरात जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नवी होते आणि संयोजी ऊतींच्या आनुवंशिक आजारांवर काम करायचं म्हणत होते. संयोजी ऊती म्हणजे शरीराची शिवण. हाडं, सांधे, डोळ्यातलं भिंग, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हे सगळं जिच्यामुळे जागच्या जागी राहतं ती. ही शिवण जन्मापासून कच्ची असेल तर माणूस वरून धडधाकट दिसतो आणि आतून उसवत जातो. सर म्हणाले, हे श्रीमंत देशांतले आजार. तू चंद्रपूर-गडचिरोलीकडची ना, मग सिकलसेल कर, मलेरिया कर, तिकडे तेच आहे. सर नागपूरजवळच्या उमरेडच्या पुढे कधी गेले नव्हते.

मी नागभीडची. सिकलसेल काय असतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण त्यानंच गेली होती. पण जिथं एक आजार आहे तिथं दुसरा असूच शकत नाही, हे कुठलं शास्त्र? गरिबाला एका वेळी एकच दुखणं व्हावं असा काही कायदा आहे का? हे मी सरांना विचारलं नाही, पण काम तेच घेतलं. पुढची सगळी वर्षं मी निधीसाठी अर्ज करत राहिले आणि समितीचं उत्तर ठरलेलं असायचं: या भागात असे रुग्ण किती, याची माहिती उपलब्ध नाही. माहिती गोळा करायलाच तर मी मागत होते. ती नाही म्हणून मिळत नव्हतं, आणि मिळत नव्हतं म्हणून ती नव्हती.

मग मी रजेच्या दिवशी दुसऱ्यांच्या शिबिरांत जाऊन बसायला लागले. मूल गावी डोळ्यांचं शिबिर होतं, शाळेच्या व्हरांड्यात. नेत्रतज्ज्ञ माझी जुनी वर्गमैत्रीण. तिनं मला आतून हाक मारली आणि म्हणाली, हिचं भिंग बघ, जागा सोडून वर सरकलंय. खुर्चीवर एक मुलगी बसली होती. बसलेली असूनही तिचे गुडघे टेबलाच्या वर येत होते. वीस-एकवीस वर्षांची, काटकुळी, आणि हात असे लांब की मांडीवर ठेवलेली बोटं खाली ओघळल्यासारखी दिसत होती. मी तिला अंगठा आत घालून मूठ मिटायला सांगितली. अंगठ्याचं टोक मुठीच्या पलीकडून बाहेर आलं. तिला वाटलं मी काही गंमत करतेय. ती हसली.

ती वैनगंगेच्या पलीकडची, गडचिरोली जिल्ह्यातली. पोलिस भरतीची तयारी करत होती, गडचिरोलीला एका अकॅडमीत. शिबिराला आली ती एवढ्यासाठीच की मेडिकलमध्ये डोळ्यांवरून नापास व्हायला नको. सोबत आई होती, धानाच्या बांधीत राबून रापलेली ठेंगणी बाई. मी मुलीच्या वडिलांविषयी विचारलं. मुलीनंच सांगितलं की ते मूलच्या एका राइस मिलमध्ये हमाल होते, असेच उंच, आणि पोतं पाठीवर असतानाच पडले.

"कशानं?"

"दारूनं म्हनतात," मुलगी म्हणाली. आई उठून बाहेर गेली.

नंतर आईनं मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात सगळं सांगितलं. नवरा छातीत फाटल्यासारखं झालं म्हणाला आणि कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. तिथल्या डॉक्टरनं हमाल आहे एवढं ऐकलं आणि म्हटलं, पिऊन पडला असेल. शवविच्छेदन झालं नाही. मिलवाल्यांना ते सोयीचं होतं, त्यांनी तेच धरून ठेवलं. गावातही तेच झालं. माणूस पोतं उचलताना मेला तर मिलला जबाब द्यावा लागतो. पिऊन मेला तर कोणालाच नाही. पोरगी शाळेत गेली तरी तिला दारुड्याची म्हणायचे. त्याची एक बहीण, तीही अशीच उंच, कोरपन्याकडे दिलेली, ती बाळंतपणात गेली. तिथं कोणी दारूचं नाव काढलं नाही. तिथं म्हणाले, बाईच्या जातीला हे व्हायचंच.

मी तिला जमेल तसं समजावलं. हृदयातून जी मोठी रक्तवाहिनी निघते तिची भिंत या माणसांमध्ये कच्ची असते. ती हळूहळू फुगते आणि एक दिवस, ओझं उचलताना, धावताना, बाळंतपणात, फाटते. बापाकडून किंवा आईकडून मुलांकडे येते, अर्ध्यांना येते, अर्ध्यांना येत नाही. मारफान असं याचं नाव आहे, हे मी सांगितलं. तिनं त्याला त्याच दिवसापासून लंबाईचा रोग म्हणायला सुरुवात केली. ती सगळं ऐकत होती आणि मला वाटत होतं की आता ही मुलीचं विचारेल. तिनं विचारलं, "म्हंजे त्यानं पेली नव्हती ना, बाई?"

मी म्हटलं, तपासल्याशिवाय मेलेल्याबद्दल खात्रीनं सांगता येत नाही, पण मला वाटतं, नव्हती. तिनं पदर डोळ्यांना लावला नाही. नुसती मान हलवत राहिली, रागानं.

मुलीच्या हृदयाची सोनोग्राफी करायची होती. जवळच्या मोठ्या दवाखान्यात मशीन होतं, त्यावर प्लास्टिकचं आवरण घातलेलं होतं आणि ते चालवणारं माणूस नव्हतं. केव्हा येईल असं विचारलं तर तिथला कर्मचारी म्हणाला, जागा मंजूर आहे. जागा मंजूर आहे हे उत्तर मी इतक्या दवाखान्यांतून इतक्यांदा ऐकलंय की मंजूर या शब्दाचीच मला चीड आहे. शेवटी मी तिला नागपूरला आणलं. रक्तवाहिनी फुगलेली होतीच, आणि जेवढी फुगल्यावर शस्त्रक्रियेचा विचार करायला हवा तिथवर पोचली होती. रक्ताचा नमुना मी माझ्याच प्रयोगशाळेत चालवला. जनुकातला दोष मिळाला.

मी तिला समोर बसवून सांगितलं की धावणं बंद, गोळाफेक बंद, गोळ्या सुरू. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या घरी एकच गोष्ट चांगली होती, माहे पाय. तेच तुमाले दिसले का?"

गोळ्या तिनं घेतल्या, पण ग्राउंड सोडलं नाही. हे मला आईच्या फोनवरून कळलं, आणि मी गडचिरोलीला गेले.

सकाळची वेळ होती. मैदानावर पोरी फेऱ्या मारत होत्या आणि ती सगळ्यांच्या पुढे होती, एकेका पावलात दुसऱ्यांची दोन पावलं टाकत. इतकं सुंदर धावताना मी कोणाला पाहिलं नाही, आणि प्रत्येक पावलाला मला ती फुगलेली रक्तवाहिनी दिसत होती. प्रशिक्षक निवृत्त फौजी होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला तिचं फिटनेस सर्टिफिकेट दाखवलं. शहरातल्याच एका डॉक्टरनं दिलेलं. मी त्या डॉक्टरकडेही गेले. उंची घेतली होती, छाती फुगवून मोजली होती. स्टेथोस्कोप लावला होता का, असं विचारलं, तर म्हणाले की मॅडम, त्या दिवशी अकॅडमीच्या सगळ्याच पोरी होत्या, किती जणींना लावणार. छातीचा घेर मोजला आणि छातीच्या आत काय आहे ते ऐकलं नाही! मी तिथं जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकावून पाहायला लागले.

मैदानावर परत आले तेव्हा प्रशिक्षकांनी मला ऐकवलं. "मॅडम, याच पोरी रोवण्याले दिवसभर चिखलात वाकून राह्यतात, तवा कोनी त्यायचं हार्ट पाहाले येत नाई. नोकरी लागाची वेळ आली का तुमी येता." ते खरं होतं. मी रागावले होते ते त्यांच्यावर नव्हतंच, आणि ते रागावले होते ते माझ्यावर नव्हतं. पण समोर आम्ही दोघंच होतो.

तिला थांबवलं ते तिच्या आईनं. मी नागपूरला परतल्यावर काही दिवसांनी ती पहिल्या बसनं गडचिरोलीला गेली आणि सराव चालू असताना ट्रॅकवर मधोमध जाऊन उभी राहिली. पोरींना तिच्या बाजूनं जावं लागत होतं. प्रशिक्षक धावत आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "माहा मानूस मेला तवा त्याले दारुड्या म्हनलं. आता पोरगी इथी पडली त का म्हनान, भाऊ?" हे मला प्रशिक्षकांनीच फोनवर सांगितलं. म्हणाले, मी त्याच दिवशी तिचं नाव काढलं.

मुलगी आईशी सहा-सात महिने बोलली नाही. जेवायची, कामं करायची, बोलायची नाही.

आई मात्र गप्प बसली नव्हती. तिनं माझ्याकडून मुलीच्या रिपोर्टची प्रत मागून घेतली आणि मिलमध्ये गेली. मला बरोबर यायला सांगितलं होतं, म्हणून मीही गेले. मालक ऑफिसातून बाहेर आले नाहीत. दिवाणजींनी सांगितलं की जुनी गोष्ट आहे, आता काय. मग ती अंगणात, कोंड्याच्या ढिगाजवळ हमाल बसले होते तिथं गेली आणि त्यांना सांगितलं की माझ्या नवऱ्याची हृदयाची नस फाटली होती, पोरीलाही तोच रोग आहे, डॉक्टरबाईनं तपासलं आहे. एक म्हातारा हमाल बिडी विझवत म्हणाला की आम्हाला ठाऊक होतं, तो पीतच नव्हता. तिनं विचारलं, मग बोलले काऊन नाई? म्हातारा म्हणाला, "आमाले कोनी इचारलं, बाई?" ती म्हणाली, मी विचारलं असतं, पण तेव्हा मला तुम्ही गेटच्या आत येऊ दिलं नव्हतं. कोणी वर पाहिलं नाही.

शस्त्रक्रियेचं म्हणाल, तर ते युद्ध वेगळंच. सरकारी योजनेच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, हे नाव यादीत नाही. हार्ट अटॅक लिहून आणा, लगेच होईल. त्यानं ते मदत म्हणूनच सांगितलं होतं, हे मला कळत होतं. तरी माझं डोकं फिरलं. बापाच्या मरणाला खोटं नाव, आत्याच्या मरणाला नाव नाही, आणि आता जिवंत मुलीलाही दुसऱ्याच आजाराचं नाव लावायचं! त्या नावानं तिला चुकीचे उपचार मिळाले असते ते वेगळंच. मी खऱ्या नावानंच अर्ज पुन्हा पुन्हा टाकला, वरच्या साहेबांना भेटले, नियमांची पानं त्यांच्यापुढे उघडून ठेवली. रोवणी झाली, धान पिवळं पडलं, कापणी आली, तेव्हा कुठे शस्त्रक्रियेची परवानगी आली, रक्तवाहिनी फुगण्याच्या सदराखाली. त्या काळात रोज सकाळी फोन वाजला की मला वाटायचं, संपलं.

तिची रक्तवाहिनी बदलली. कृत्रिम नळी बसवली. ती वाचली.

त्याच सुमाराला समितीपुढे मी पुन्हा उभी राहिले. या वेळी माझ्याकडे रुग्ण होते: ही मुलगी, आणि तिच्यानंतर मी तपासलेले तिचा एक चुलतभाऊ, एक चुलता. समितीतल्या एका सदस्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, पण हे सगळे एकाच घरातले आहेत. आनुवंशिक आजाराच्या अभ्यासावर बसलेल्या समितीत हे वाक्य बोललं गेलं आणि कोणाला हसूही आलं नाही. मी म्हटलं, सर, आनुवंशिक म्हणजे तेच. अर्ज नामंजूर झाला.

मुलगी आता चामोर्शीला एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसते. पोलिस भरतीचे फॉर्म तिच्याच दुकानातून जातात. वर्षातून एकदा तपासणीला येते. मागच्या खेपेला मी तिला विचारलं, कशी आहेस. ती म्हणाली, चांगली आहे. मग म्हणाली, "तुमचा राग येते अजून. खोटं काऊन बोलू." मी म्हटलं, येऊ दे. तिच्या जागी मी असते तर मलाही आला असता, आणि तो कोणावर काढायचा हेही मला कळलं नसतं.

त्या दिवशी ती एकटी आली नव्हती. दारात एक लांबसडक पोरगी भिंतीला टेकून उभी होती, सोळा-सतरा वर्षांची, खांदे आत घेऊन, जणू उंची लपवायला बघत होती. कोरपन्याची, त्या बाळंतपणात गेलेल्या आत्याची मुलगी. एका लग्नात भेटली होती, म्हणे. मांडवात सगळ्यांसमोर हिनं तिला मूठ मिटायला लावली होती आणि तिथून थेट नागपूरच्या बसमध्ये बसवून आणलं होतं. तिचं लग्न ठरतंय, मुलाकडचे लोक यायचेत, घरचे लोक ओरडत होते, दवाखान्याची गोष्ट बाहेर फुटली तर सोयरीक मोडेल. हिनं कोणाचं ऐकलं नव्हतं.

मी सोनोग्राफीच्या खोलीत विचारलं. आज मशीन चालवणारा डॉक्टर प्रशिक्षणाला गेला आहे, असं कळलं. मी त्या दोघींना बाकावर बसायला सांगितलं आणि विभागप्रमुखांच्या खोलीकडे निघाले. दार ढकलताना माझा आवाज आधीच चढलेला होता.