ग्राइंडरचं पातं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

मी सुतार. आमचं मूळ घर आटपाडीकडचं, मेंढरं राखणारं. पण मी पुण्यात फर्निचरचं काम शिकलो आणि विट्यात येऊन कामं घ्यायला लागलो. माझ्या थोरल्या बहिणीचे मालक — आमचे दाजी — माझ्याबरोबर असायचे. माणूस सावध. प्लग लावायच्या आधी वायर हातानं चाचपणार, डोळ्यांवर चष्मा चढवणार, मगच बटण दाबणार. मला त्याचा वैताग यायचा. खरं सांगू? — हसू यायचं.

तेव्हा आमचं काम एका गलाईवाल्याच्या नव्या बंगल्यात चाललं होतं. मालक सोनं गाळायच्या धंद्यापायी लांब परमुलखात, बंगल्यात आम्ही दोघंच. लाकूड कापायची मोठी मशीन बिघडली. मग मी काय केलं — लोखंड कापायच्या छोट्या ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं चढवलं. पातं मापापेक्षा मोठं. गार्ड, म्हणजे पात्यावरचं लोखंडी झाकण, आडवं येत होतं. ते काढून पिशवीत टाकलं. बाजूची मूठही काढली, कोपऱ्यात मशीन जात नव्हती म्हणून. सगळेच करतात — असं तेव्हा म्हणायचो.

दाजींनी मशीन बघितली आणि खाली ठेवली. "ह्याला गार्ड न्हाई रं. मोठी मशीन दुरुस्त हुंदे, मग कापू चौकट."

मला काम उरकायचं होतं. म्हणालो, "भ्यालासा व्हय, दाजी? सांगू का ताईला?"

एवढंच बोललो. ते हसले नाहीत. त्यांनी मशीन उचलली.

पातं चौकटीतल्या गाठीत अडकलं, मशीन उसळली आणि त्यांच्या मांडीत गेली. मी प्लग उपटला, टॉवेल आवळून बांधला, बाहेर जाऊन ओरडलो. शेजारच्या बांधकामावरची माणसं जीप घेऊन आली. दाजी शुद्धीवर होते. आत ठेवताना त्यांनी माझा शर्ट धरला. "तू येतुयास न्हवं?"

आणि मी — इथं मी दरवेळी थांबतो — मी त्यांची बोटं सोडवली. म्हणालो, "तुमी व्हा फुडं. बंगला बंद करून मागनं आलोच."

बंगला बंद करायला काय लागतं? एक कुलूप. मी आत गेलो आणि मोठं पातं काढलं. मापाचं छोटं पातं लावलं. गार्ड घट्ट बसवला, मूठ बसवली. मोठं पातं मागच्या विहिरीत टाकलं. 

परत आलो तर दाजींचा फोन वाजत होता. खिडकीत ठेवलेला. ताईचा होता. मी उचलला नाही.

दाजी सांगलीच्या दवाखान्यात पोचले नाहीत. वाटेतच, तासगावच्या पुढं, त्यांचा जीव गेला. जवळ सगळी अनोळखी माणसं. मी असतो तर वाचले असते का? माहीत नाही. पण मी नव्हतो.

चौकशीला माणसं आली तेव्हा मशीन व्यवस्थित होती. मग झालं कसं? — मी म्हणालो, फोन वाजला, दाजींनी तिकडं बघितलं, हात सुटला. ताईचा न उचललेला फोन त्यात दिसतच होता. वेळ कुणी ताडून बघितली नाही.

जेवायला कधी येताय, हे विचारायला तिनं फोन केला होता. फोन वाजला तेव्हा दाजी जीपमध्ये होते. तिच्या फोनचा कशाशीच संबंध नव्हता. हे जगात मला एकट्याला माहीत आहे.

ताई आता आपण होऊन कुणाला फोन करत नाही. भाचा कराडला नोकरीला आहे. त्याला यायला उशीर झाला की ती उंबऱ्यात बसून राहते. कर की फोन, म्हटलं तर म्हणते, "नगं. हातात काय तरी असंल त्येच्या." मी तिथंच असतो — ऐकत.

माझ्या सगळ्या मशीनना आता गार्ड आहेत. लोक म्हणतात, दाजींच्या जाण्यानं शहाणा झाला.

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ताई ताट खाली ठेवून तशीच बसली. म्हणाली, "मारुती, माझ्यापायी तुला त्ये बघाय लागलं. म्या फोन कराय नगं हुता. मला माफ कर बाबा."

गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण मी बोललो. म्हणालो, "जाऊ दे ताई. कवाच माफ केलंय."

तिनं डोळे पुसले आणि मला पान वाढलं. मी जेवलो.