फेराराच्या भेगा

शनिवारी ख्राइस्टचर्चच्या मराठी मंडळात मृदुलाचं व्याख्यान होतं : ‘फेरारा – चर्च, राजवाडे आणि संग्रहालयं’. शुक्रवारी संध्याकाळी तिने चंद्रहासच्या कॅमेऱ्यातले इटलीचे फोटो पहिल्यांदाच टीव्हीवर लावले आणि हातातला चहा हातातच राहिला.

पहिला फोटो भिंतीतल्या भेगेचा. दुसराही भेगेचाच. तिसऱ्यात कमानीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली लोखंडी सळई.

“अहो, हे काय?”

“टाय रॉड. कमान फाकू नये म्हणून. किती शतकं धरून ठेवलंय बघ त्याने!”

“आणि मागचं चित्र?”

“होतं ना. सुंदर होतं.”

चंद्रहास पुण्याहून ख्राइस्टचर्चला आला तो इथल्या मोठ्या भूकंपानंतर, कुठल्या इमारतीवर लाल चिठ्ठी लावायची आणि कुठल्या हिरवी ते ठरवायला. तेव्हापासून हा इंजिनिअर कुणाच्याही घरात शिरताना आधी छताकडे बघतो, मग यजमानांना नमस्कार करतो. लेकीच्या लग्नाच्या व्हिडिओत अंतरपाट आहे, नवरानवरी आहेत आणि तुळईकडे तोंड वर करून उभे असलेले वधूपिता आहेत.

मृदुला हॉस्पिटलात फार्मसिस्ट. चित्रासमोर गेलं की फोन पर्समध्ये, डोळ्यांनी बघायचं, हा तिचा नेम. फोटोंचं खातं चंद्रहासकडे.

“नेटवरून घे की चित्रं,” तो म्हणाला.

“ती लोकांना घरी बसून दिसतात. मी तिथे जाऊन काय सांगणार मग?”

व्हिडिओ कॉलवर लेक ऋग्वेदा हसून हसून लोळली. “डॅड, दॅट्स हीप्स ऑफ क्रॅक्स! मम, यू आर डूम्ड.”

शनिवारी हॉल भरला. “फोटो यांचे, बोलणं माझं,” एवढं म्हणून मृदुलाने पहिली भेग पडद्यावर आणली.

मागच्या रांगेतून देवव्रत ओरडला, “अरे, ही तर माझ्या किचनमधली! चिमणीपासून खाली!”

“आमची अशीच, जिन्यासारखी उतरलेली,” कुणीतरी म्हणालं. खुर्च्या पुढे सरकल्या.

चंद्रहासला राहवेना. तो उठून म्हणाला, “आपल्या भूकंपानंतर सव्वा वर्षानं तिथलीही जमीन हलली.” आता हॉलमध्ये सगळे फेराराचेच झाले. तो भेग समजावून सांगे, आणि मृदुला भेगेच्या खाली फोटोत न आलेलं चित्र बोलून उभं करी : द्राक्षवेल छाटणारी माणसं, घोड्यावरचा राजा, एका बाईची पाठ आणि त्या पाठीवर कुठूनसं पडलेलं निळं ऊन. लोक पडद्याकडे बघत होते, पण बघत होते तिचं चित्र.

शांताकाकू पहिल्या रांगेत होत्या. भूकंपानंतर त्यांनी विटांच्या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, “चंद्रहास, मला जमेल का रे तिथल्या चर्चच्या आत जायला?”

“जमेल. दाराजवळचा बाक धरायचा, काकू. मीही तिथेच बसायचो, घाम पुसत.”

मृदुला गर्रकन वळली. “तुम्ही तर दमलो म्हणालात!”

“दमलोच होतो. भीतीने.”

हॉल खो खो हसला, आणि सगळ्यांत मोठ्यांदा तो स्वतः. मृदुला मात्र क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिली. एकही चर्च त्याने चुकवू दिलं नव्हतं तिला.

“पुरे गं नवऱ्याला बघणं,” शांताकाकू म्हणाल्या. “पुढची भेग लाव.”