न्हाई म्हणायला गेले आन् जाकीट घिऊन आले

मला खरं म्हणजे न्हाई म्हणायलाच पाठवलं व्हतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझा धाकटा भाऊ दत्ता. त्याची पोरगी नंदा परभणीला कॉलेजात. तिचा नंबर लागला हिमालयात, बर्फाचे डोंगर चढायच्या शिक्षणाला. महिनाभर! आमच्या पेडगावात उंच म्हणजे कडब्याची गंजी. दत्त्याला पोरीच्या तोंडावर न्हाई म्हणायची हिंमत न्हाई. तिला म्हणला, "थंडीच्या कपड्याची सोय आत्याच्या मनासारखी झाली तर जा." आन् मला गोठ्यामागं नेऊन म्हणला, "आक्का, तिच्यासंग हैद्राबादला जा, धा कोट बघ आन् एकबी पसंत करू नको. तुला तसंबी काय पसंत पडत न्हाई."

"बरं," म्हणलं.

मलाबी राग व्हताच. तिच्या संस्थेचं पत्र आलं व्हतं, त्यात सामानाची यादी. जाकीट सिंथेटिक भराव्याचं पाहिजे, कापसाचं चालणार न्हाई. आता बगा, आमी जन्मभर कापूस पिकवला, येचला, पिंजारी बोलावून गाद्या भरल्या, आन् ह्यांना कापूस चालंना! मी घरचा कापूस पिंजून घेतला आन् नंदासाठी जाड बंडी शिवून टाकली. तीच घेतली पिशवीत. म्हणलं दुकानदाराच्या नाकासमोर धरते.

पेडगावाहून परभणीला एसटीनं गेलो. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस; एक दिवस बंद, दुसऱ्या दिवशी मोर्चा. एसटी आली तर आली. आमी पहाटंच फाट्यावर जाऊन उभ्या राहिलो. परभणीहून सकाळची छोट्या रुळाची गाडी. ती इतकी दमानं जायची की खाली उतरून बोरं येचून परत चढावं. आता तुमी जाणार असाल तर गाड्या लय झाल्यात, पन डबा घरूनच न्या. धपाटे आन् शेंगाची चटणी दोन दिवस टिकते. गाडीतलं खाऊन नंदाचं पोट बिघडलं न्हाई ते तेवढ्यामुळंच.

चुडाव्याला एक बाई चढली. माझ्या मांडीवरची बंडी चाचपून म्हणली, "बाळंतिणीला नेयलाव का?"

"न्हाई वो, हिमालयात नेयलोय."

बाई नंदाकडं बघून म्हणली, "तिकडं दिलीय का हिला? इतक्या लांब कामून दिली?"

नंदा हसू लागली. मी म्हणलं, "दिली न्हाई, सोतःच चालली." मग नांदेडपर्यंत ती बाई माझ्याशी बोलली न्हाई.

हैद्राबादेत मावसबहिणीकडं उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या मिलिटरी सामानाच्या बाजारात. एका म्हाताऱ्या चाचाचं दुकान, छतापर्यंत कोट. इथं नंदानं जो तमाशा केला, काय सांगू. एक कोट घातला, दोन्ही हात वर केले. कोट कमरेच्या वर सरकला. "हा न्हाई. हात वर केला की कंबर उघडी पडते." दुसरा आतल्या दोन स्वेटरांवर बसंना. तिसऱ्याला टोपडं व्हतं, पन हेल्मेटावरून जायाचं न्हाई. हेल्मेट नव्हतं, म्हणून चाचाचा पितळी डबा डोक्यावर धरून बघितला. मग हातात लोकरीचे पायमोजे घातले आन् चेन वढून बघू लागली.

"हे काय गं?"

"आत्या, तिथं हातमोजे काढता येत न्हाईत. मोज्यासकट चेन लागली पाहिजे."

"आन् ह्ये घालून चढणार?"

"चढताना न्हाई. चढताना घाम येतो. थांबल्यावर, दुसऱ्याची दोरी धरून उभं राहायचं असतं तवा, सगळ्याच्या वरून घालायचं."

"उभं राहायला येगळा कोट!" मी म्हणलं. "आमी खतासाठी सोसायटीच्या दारात दिवसदिवस उभं राहिलो, आमाला कुणी दिला न्हाई."

चाचानं एक पिसाचा कोट काढला. हलका, फुगलेला. "अम्मा, ये सबसे गरम. लेकिन भीगा तो गया काम से. पिसां सब गोळा हो जाते." मग एक निळा, सिंथेटिक भराव्याचा. मी तो उजेडाला धरला. गादी घेताना धरतो तसा. खांद्यापाशी आरपार उजेड, भरावा सगळा खाली उतरलेला. "चाचा, ह्याच्या खांद्यावर तर नुसतं कापड हाय. पोरीचे खांदे गोठवता का?"

चाचा म्हणला, "हौ अम्मा, तुमारी नज़र तेज है," आन् आतून दुसरा आणला. तांबडा. त्याच्या शिवणी जवळजवळ, भरावा जागच्या जागी. एका कोपऱ्यात शिवण उसवली व्हती. मी चिमूट काढली, कापसाचा धागा बघतात तशी दोन बोटात वढली. तुटंना. सरकीचा कण न्हाई, कचरा न्हाई. पन कापूस बी न्हाई. मी बंडी काढून त्याच्या समोर आपटली. "ह्याच्यापेक्षा गरम हाय का तुमचं?"

चाचानं बंडी हातात घेतली, लय मायेनं. "कपास अच्छी है अम्मा. पन दोनो को नल के नीचे रखते. मेरा हारा तो मुफ्त ले जाव. तुमारी हारी तो भाव नक्को करो."

मागच्या अंगणात नळ. दोन्ही भिजवले, पिळले. तांबडं नंदानं घातलं, बंडी मी. चाचानं मेजावरचा पंखा आमच्यावर सोडला. डिसेंबर व्हता. बाजूचे दुकानदार गोळा झाले. एकजण म्हणला, "पोरगी जीतती." दुसरा म्हणला, "बुढ्ढी जिद्दी है." चाळिशीबी गाठली नव्हती मी तवा!

पहिल्यांदा दोघी कुडकुडलो. मग नंदा गप उभी राहिली. चहा येईस्तवर तिच्या गालावर रंग आला. माझे दात वाजायलेच. बंडी अंगाला चिकटली, जड झाली, जितकी वाळू लागली तितकी गारच. आन् तवा मला कळलं. उन्हाळ्यात मी माठाला वलं सुती फडकं गुंडाळते, कशासाठी? पाणी गार व्हावं म्हणून. दरसाल गुंडाळते. तेच फडकं मी कापूस भरून पोरीच्या अंगावर चढवायले, आन् बर्फात पाठवायले.

"आत्या, काढ ती," नंदा म्हणली. ती हसत नव्हती. मला ते लागलं.

तांबडं घेतलं, भाव केला न्हाई. पैज म्हणजे पैज.

परतीच्या गाडीत नंदानं विचारलं, "बाबानं तुला न्हाई म्हणायलाच पाठवलं व्हतं ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमी दोघं गोठ्यामागं बोललात. मी गोठ्यात शेण काढायले व्हते."

पूर्णा येईस्तवर मी खिडकीबाहेर बघितलं.

घरी पोचलो सकाळच्याला. दत्ता वसरीत बसलेला. आधी माझ्याकडं बघितलं, मग तांबड्या कोटाकडं. "आक्का, हे काय?"

मी पिशवी उघडली. बंडी हौदात बुचकळली, पिळली. "घाल."

"कामून?"

"घाल म्हणते ना."

थोरल्या भनीपुढं त्याचं चालत न्हाई. घातली. वारं सुटलेलं. मी चहा ठिवला, उकळला, गाळला. तवर दत्ता वसरीत नाचायलाय. "आक्का, काढू का? मरतो ना मी!"

"काढ. ही तुझ्या पोरीची घरची सोय. आन् ते तांबडं वलं करून नंदा पंख्यापुढं उभी राहिली, तिला काय झालं न्हाई. मला पसंत हाय. आता तू न्हाई म्हण."

दत्तानं बंडी काढली. अंग पुसत नंदाला म्हणला, "महिनाभरात परत येशील ना?"

गेली. आली. तिथून धाडलेल्या पत्रात लिव्हलं व्हतं, गारा पडल्या, वरून पाऊस आला, कोट वला झाला आन् तरी त्यातच दोरी धरून उभी राहिले. दत्तानं ते पत्र गावात चौघांना वाचून दाखवलं. माझं नाव आलं तिथं जरा भरभर वाचायचा.

आता नंदाची पोरगी मोबाईलवर असलीच जाकिटं बघायली, तीन दिवस झाले. म्हणून हे लिव्हलं. बाई, उजेडाला धर, हात वर करून बघ, मोजे घालून चेन वढ, आन् पाण्यात घाल. धा मिनिटाचं काम हाय.

तांबडं जाकीट अजून खुंटीला हाय, बाहीवर दोरी घसरून भाजलेला डाग. बंडीबी हाय. दरसाल उन्हाळ्यात वली करून माठाला घालते, बटणासकट. पाणी लय गार व्हतं.