नावडत्या पाहुण्याची खुर्ची

शोकसभेत माणसं हसली, आणि हसली ती माझ्या वाक्याला. याकोब साळवे मास्तर गेल्याला आता महिना उलटून गेला. त्यांच्या मुलीचा, रूथचा, सकाळी फोन आला तेव्हा ‘काका, पप्पा गेले’ एवढंच ती म्हणाली. पण नव्वदी ओलांडलेला माणूस. त्यात धक्का म्हणावा असं काही नव्हतं. धक्का बसला तो नंतर, शिरूरच्या चर्चच्या हॉलमध्ये. एक माजी सभापती बोलायला उठले. लहानपणी त्यांनी मास्तरांच्या हातचा मार भरपूर खाल्ला होता, पुस्तक मात्र एखादं तरी हातात धरलं असेल असं मला वाटत नाही. “आमचे मास्तर म्हंजी लवंगी मिरची! एका पुस्तकाबद्दल त्यांनी काय लिवलं होतं ठाऊक हाय का? या कादंबरीत खून एकाचा होतो आन् जीव वाचकाचा जातो!” सगळा हॉल हसला. मागच्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, “आन् तेबी शेवटची पानं न वाचताच लिवलंवतं म्हनं.” ते दोघं पुन्हा वेगळे हसले.

ते वाक्य मास्तरांचं नव्हतं, माझं होतं. शेवटची पानं न वाचणाराही मीच. मीही आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. आता नाही सांगितलं तर ही दोन्ही ओझी मास्तरांच्या नावावर कायमची राहतील.

एकसष्ट साली पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या आधीच्या थंडीतली गोष्ट. मी शिरूरच्या हायस्कुलात मराठी शिकवायला नवा लागलो होतो. मास्तर मिशनच्या शाळेत होते आणि तालुक्याच्या साप्ताहिकात ‘नवे पाहुणे’ नावाचा स्तंभ लिहायचे. पुस्तकांचं परीक्षण असायचं, खाली नाव नसायचं. पण लिहिणारा कोण हे एसटी स्टँडवरच्या हमालालाही ठाऊक होतं. मला गंभीर सामाजिक कादंबऱ्या सोडून बाकी सगळं साहित्य म्हणजे रद्दी वाटायचं, आणि हे मी कुणी विचारो न विचारो, सांगत सुटायचो. मास्तरांची आवड माझ्याहून फार वेगळी नव्हती. “मला खून आवडत नाहीत, अगदी पुस्तकातसुद्धा,” असं ते म्हणायचे. पण त्यांची एक खोड होती, आणि तिचा मला मनस्वी वैताग यायचा. आवडत्या लेखकाची कादंबरी आली की ते शाळेतून काढून टाकलेल्या बाकावर ताठ बसून वाचायचे. आणि रहस्यकथा, भुताटकी, राजकन्यांची प्रेमप्रकरणं, असलं काही आलं की खोलीतल्या एकुलत्या एक आरामखुर्चीत बसायचे. शेजारी चहा, वाटीत शेंगदाणे-गूळ. मी एकदा चिडून विचारलं, “मास्तर, हे उलटं नाही का?” तर म्हणाले, “आवडता पाहुणा घरचाच असतो, तो कुठंही बसतो. नावडता आला की त्याला मोठा पाट द्यावा. मी अवघडून बसलो आणि माझी पाठ दुखली, तर तिचा राग पुस्तकावर निघायचा.” वर आणखी एक. भेळवाल्याकडं जाऊन पुरणपोळी का नाही म्हणून भांडू नये, भेळ मऊ पडली होती का एवढंच सांगावं... हे तर मी इतक्या वेळा ऐकलं की भेळ दिसली तरी माझं डोकं उठायचं.

त्या हिवाळ्यात मास्तरांच्या पत्नी आजारी पडल्या आणि ते त्यांना घेऊन मिरजेला, मिशनच्या दवाखान्यात गेले. जाताना मला म्हणाले, “वसंता, एक स्तंभ सांभाळ. पुस्तक खुर्चीवर ठेवलंय. खुर्चीतच बसून वाच.” पुस्तक होतं ‘तुटलेले सील’. लेखक शंकर जगताप, दौंड स्टेशनात पार्सल ऑफिसला नोकरी, पहिलीच कादंबरी. मी ते घरी नेलं आणि पेपर तपासता तपासता, मधली पानं गाळत, कसंबसं रेटलं. त्या काळी पुस्तकांची पानं कधीकधी जुळलेलीच यायची, कडेनं कापून घ्यावी लागायची; मिरजेच्या घाईत मास्तरांचं ते राहून गेलं होतं, मी वाचेन तशी कापत गेलो. या पुस्तकात मालगाडीच्या डब्यात प्रेत सापडतं आणि शेवटाकडं पोलीस पार्सल क्लार्कला बेड्या घालतात. तिथं माझी कापलेली पानं संपली. पुढं थोडी जुळलेली पानं होती. प्रकाशकाच्या जाहिराती असतील, असं मी धरून चाललो. मग मी ते खून-आणि-जीव वाक्य लिहिलं, स्वतःवरच खूष झालो, आणि वर लिहिलं, ‘खुनी पार्सल क्लार्क आहे, हे आम्ही आताच सांगून टाकतो, वाचकांचा वेळ वाचेल.’ सामाजिक कादंबरीचं कथानक शेवटापर्यंत सांगून टाकायची मला सवयच होती. रहस्यकथेत तेवढंच सांगायचं नसतं, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही.

मास्तर परतल्यानंतरच्या रविवारी, उपासना आटोपून, आम्ही त्यांच्या खोलीत बसलो होतो. दारात एक उंच, किडकिडीत माणूस उभा राहिला. दौंडहून एसटीनं आलेला, बुटांवर धूळ. “मी जगताप,” तो म्हणाला. मास्तर उठले आणि त्याला आरामखुर्ची पुढं केली. “न्हाई, उभ्यानंच बोलतो. मास्तर, तुम्हाला आवडलं न्हाई, ठीक हाय. आमच्या बायकोलाबी आवडलं न्हाई. पर तुम्ही वाचलंच न्हाई!”

“असं का म्हणता?”

“वाचलं असतं तर क्लार्क खुनी हाय आसं लिवलं नसतं. शेवटच्या प्रकरणात सुटतो की त्यो! आता दौंडात सगळे मला म्हनत्यात, शंकऱ्या, सोताच खून केलास व्हय?”

मला हसू आलं, आणि त्याच क्षणी ती न कापलेली पानं आठवली. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय. ते एवढंच म्हणाले, “चुकलं. स्तंभ माझा आहे, चूकही माझी. मग खुनी कोण?”

“त्ये मी सांगनार न्हाई,” जगताप म्हणाले. “वाचा.”

आणि ते गेले. चहासुद्धा घेतला नाही.

पुढच्या अंकात मास्तरांनी छापलं, ‘गेल्या वेळी या स्तंभात पुस्तक पूर्ण न वाचता लिहिले गेले. क्लार्क निर्दोष आहे. आम्ही नाही.’ मी धावत गेलो, म्हटलं, माझं नाव घाला. तर म्हणाले, “तुझी नोकरी नवी आहे. चहा घे.” असा राग आला मला! माझ्यावर ओरडले असते तर फिटलं असतं. आणि खरं सांगायचं तर मनातून सुटल्यासारखंही वाटलं, म्हणून राग दुप्पट. आलेलं प्रत्येक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचणारा हा माणूस, त्याला लोक पुढं वर्षानुवर्षं बाजारात विचारायचे, “काय मास्तर, शेवटचं पान वाचलं का?” ते हसून टोपी नीट करायचे. मी शेजारी पिशवी धरून उभा असायचो.

जगतापांनी दुसरी कादंबरी लिहिली. तिच्या पहिल्याच प्रकरणात एका पुस्तक-परीक्षकाचा खून होतो. मास्तरांनी ती आरामखुर्चीत बसून वाचली, दोन बशा शेंगदाणे संपवले, आणि लिहिलं, ‘मारला जाणारा परीक्षक फार जिवंत उतरला आहे.’ बाकी सगळं काटेकोर. कुठं भेळ कुरकुरीत होती, कुठं मऊ पडली होती. त्यानंतर जगतापांची सोलापूरला बदली झाली. खरं काय ते त्यांना सांगायला दौंडपर्यंतसुद्धा मी गेलो नव्हतो, तर सोलापूर दूरच राहिलं. ते वारल्याचंही मला उशिराच कळलं.

मास्तर मात्र मधूनच मला विचारायचे, “वसंता, वाचून झालं का?” मी विचारायचो, “कुठलं?” ते म्हणायचे, “काही नाही.” म्हातारपणी त्यांचं विसरणं वाढलं तेव्हा मला वाटलं, हेही त्यातलंच. शेवटच्या भेटीतही त्यांनी तेच विचारलं. मी वैतागून म्हणालो, “अहो, कुठलं ते तरी सांगा एकदा!”

शोकसभेनंतर रूथ म्हणाली, “काका, पप्पांचं एखादं पुस्तक घेऊन जा.” त्यांची खोली तशीच होती. भिंतीशी बाक, खिडकीशी आरामखुर्ची, तिच्या कापडाला मधोमध पडलेला खोलगट झोळ. हाताशी येईल अशा फळीवर तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं ‘तुटलेले सील’ होतं. मी परत केलेली तीच प्रत. मास्तर नवं पुस्तक आलं की आधी पोलादी फूटपट्टीनं सगळी पानं कापून घ्यायचे. जुळलेलं पान म्हणजे झाकून ठेवलेलं ताट, असं म्हणायचे. या पुस्तकाची शेवटची पानं मात्र अजून जुळलेली होती. त्यांनी स्वतः कादंबरी वाचली असणार ती दुसरी प्रत आणून. ही त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती, इतकी वर्षं, आणि ‘वाचून झालं का?’ याहून जास्त बोलले नाहीत. काय माणूस! एकदा तरी पुस्तक माझ्या डोक्यात हाणायचं होतं.

मी रूथकडं फूटपट्टी मागितली. तिनं न विचारताच चहा ठेवला. आरामखुर्चीत बसण्याआधी मी बाकाकडं पाहून जरा अडलो, मग बसलो. पानं कापताना एक कोपरा फाटला. वाचायला फार वेळ लागला नाही. जगतापांनी शेवट चांगला केला आहे, एक जागा ओढूनताणून आहे, पण सुगावे सगळे आधी दिलेले आहेत. मी गाळलेल्या पानांत असतील. क्लार्क सुटतो.

खुनी कोण, ते या वेळी मी सांगणार नाही.