एकादशीचे थेंब

वन्संच्या चष्म्याची दांडी निखळली होती, म्हणून त्या दिवशी मी सकाळीच सीपरी बाजारात गेले होते. दुकानदार बारीक स्क्रू पिळत होता, तेवढ्यात ह्यांचा फोन आला. "घरी ये," एवढंच म्हणाले. मी चष्मा रुमालात गुंडाळला आणि ऑटोत बसले. पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि वन्सं खिडकीखालच्या खाटेवर निजल्यासारख्या पडल्या होत्या. हृदय बंद पडलं होतं, कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नव्हता. शेजारची म्हातारी त्यांच्या पायाला हात लावून म्हणाली, "आज तो ग्यारस है. बडी भागवान थीं जिज्जी." ग्यारस म्हणजे आपली एकादशी. मग येणारी प्रत्येक बाई तेच म्हणू लागली, एकादशीला मरण आलं, केवढं पुण्य... मी रुमालातला चष्मा घट्ट धरून कोपऱ्यात बसून राहिले. त्या घरात एकादशी हा शब्द ऐकून मान खाली घालणारी मी एकटीच होते, आणि त्याचं कारण आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मी साताऱ्याची, लग्न होऊन बडा बाजारामागच्या या घरात आले तेव्हा इथलं मराठी ऐकून मला हसू आवरत नसे. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहिलेली ही माणसं, अर्धं वाक्य पेशव्यांच्या काळातलं आणि अर्धं हिंदी. "वैनी, जरा सबर करा हो, इतकी काय जल्दी आहे," असं वन्सं म्हणत. वयानं माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, तरी शेवटपर्यंत मला अहोजाहो केलं. डोळ्यांवर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा, उणे सोळाचा. त्या चष्म्यापायी लग्न जमलं नाही, असं घरात हळू आवाजात बोललं जाई. त्यांच्यासमोर कुणी बोलत नसे, पण त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवत आणि घरी रफू करत. रफू करताना चष्मा काढून ठेवत. कापड नाकापासून चार बोटांवर धरलं की त्यांना एकेक धागा आपल्याला दोरखंड दिसावा तसा दिसे. लांबचा माणूस ओळखू न येणाऱ्या त्या डोळ्यांना जवळचं असं काही दिसे, की आमच्यासारख्या धडधाकट डोळ्यांच्या लोकांनी लाजावं. बबीन्याच्या छावणीतून फौजेतल्या मराठी बायका पैठण्या घेऊन येत, उंदरानं कुरतडलेल्या, खिळ्याला अडकून फाटलेल्या. वन्सं त्याच पदराच्या आतल्या बाजूचे धागे उसवून घेत आणि भोक असं बुजवत, की नेसणारीलाही जागा सापडू नये. "कुठं होतं सांगा पाहू," असं विचारून त्या हसत, तेवढीच काय ती त्यांची मिजास.

पुढे त्या डाव्या बाजूच्या चौकटीवर आपटू लागल्या. ताटाच्या डावीकडची चटणी तशीच राहू लागली. आम्ही म्हणायचो, नंबर वाढला असेल. जन्माचा चष्मा असला की डोळ्याच्या सगळ्या दुखण्यांचा आळ त्याच्यावरच येतो. सीपरीच्या दुकानातून दोनदा काचा बदलून आणल्या. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातला दाब मोजला आणि काचबिंदू म्हणून सांगितलं. इतक्या मोठ्या उणे नंबराच्या डोळ्यात तो लवकर ओळखूही येत नाही, म्हणाल्या. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीचशी गेली होती आणि ती परत येणार नव्हती. उजवा वाचवायचा तर रोज संध्याकाळी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, एकही दिवस न चुकवता.

आता माझं सांगते. वन्संचे उपास म्हणजे घरातला मोठा विषय. दोन्ही एकादश्या निर्जळी, नवरात्र, शिवरात्र, आणि चातुर्मासात धरणं-पारणं, म्हणजे एक दिवस कडक उपास आणि एक दिवस जेवण, असं चार महिने. मला उपासाचं वावडं, त्यामुळे मी त्यांची थट्टा करायची. थेंब सुरू झाल्यावरच्या पहिल्याच एकादशीला त्या म्हणाल्या, "वैनी, थेंब डोळ्यात टाकते आणि कडू घशाशी लागतं, ही काय तऱ्हा?" मी पोळ्या लाटत होते. मागे वळूनही न बघता म्हटलं, "मग पोटात गेलंच की. मोडली तुमची एकादशी, वन्सं." त्या हसल्या. मीही हसले आणि पोळी तव्यावर टाकली.

दोन वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद जुन्या कागदाशेजारी ठेवून पाहिला. उजवा डोळाही घसरला होता. "मौसीजी, दवा रोज डालती हैं ना?" त्यांनी विचारलं. वन्सं सरळपणे म्हणाल्या, "रोज. बस उपास के दिन नहीं. गले में उतरती है ना." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ये किसने कहा आपसे?" मी समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले. वन्संनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "किसी ने नहीं," त्या म्हणाल्या, "मुझे ही लगा." तेव्हा डॉक्टरीणबाई उठल्या, त्यांनी वन्संचं बोट धरलं आणि डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर टेकवलं. थेंब टाकायचा, डोळा मिटायचा आणि इथे दोन मिनिटं दाबून धरायचं. इथूनच औषध घशात उतरतं. दाबलं की उतरत नाही. एवढंच होतं... एवढंच करायचं होतं.

आता नुसत्या थेंबांवर भागणार नव्हतं. शस्त्रक्रिया करून उजव्या डोळ्यातल्या पाण्याला नवी वाट काढून द्यायची होती. पण इतक्या उणे नंबराचा डोळा मागे लांबट असतो, त्याची भिंत पातळ असते. दाब गरजेपेक्षा खाली गेला तर आतल्या पडद्याला चुण्या पडतात, हे त्यांनी आधीच सांगितलं. वन्संनी विचारलं, "सुई दिखेगी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वादा नहीं कर सकती. पर नहीं कराया तो एक दिन दरवाजा भी नहीं दिखेगा." घरी येताना वन्सं म्हणाल्या, "राहू द्या वैनी. जितके दिवस सुई दिसते तितके दिवस मी माझी आहे." मी ऐकलं नाही. पंधरा दिवस त्यांच्या मागे लागले, रडले, अबोला धरला. सगळ्यांना वाटलं भावजयीची केवढी माया. माया होतीच, नाही कशाला म्हणू? पण तिच्याहून मोठी होती ती भीती. त्या आंधळ्या झाल्या तर माझ्या एका वाक्यानं झाल्या असत्या.

शस्त्रक्रिया झाली आणि जे घडू नये म्हणून आम्ही देवाला हात जोडले होते तेच घडलं. दाब फार खाली गेला. पुन्हा आत नेऊन ती नवी वाट टाक्यांनी आवळावी लागली. "डोळ्यालाही रफूच केलं म्हणायचं," वन्सं पट्टीआडून म्हणाल्या. दाब सावरला, पण चुण्या पुरत्या गेल्या नाहीत. दरवाजा दिसायचा, माणसं दिसायची, जिना एकटीनं उतरता यायचा. कापड जवळ धरलं की मात्र धागे हलल्यासारखे वाकडे व्हायचे. महिनाभर त्या रोज थोडा वेळ सुई घेऊन बसल्या. मग एका दुपारी रफूचा डबा त्यांनी माझ्या कपाटात आणून ठेवला आणि छावणीतून आलेली एक पैठणी तशीच परत पाठवली. त्यानंतर चार वर्षं त्या खिडकीखाली नुसत्या बसून असायच्या. नजर वाचली असं सगळे म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं.

डाव्या डोळ्याचे थेंब मात्र चालूच होते. संध्याकाळी सात वाजता त्या खाटेवर आडव्या व्हायच्या, मी थेंब टाकायची आणि कोपऱ्यावर बोट दाबून मनात एकशेवीस मोजायची. शस्त्रक्रियेच्या वेळी सुटलेली निर्जळी एकादशी त्या पुन्हा करू लागल्या होत्या. अशाच एका एकादशीला, त्यांचे डोळे मिटलेले असताना, मी एकदाचं बोलून टाकलं. "वन्सं, ते मी थट्टेत म्हटलं होतं." कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "मग तेव्हाच सांगायचं होतं, वैनी." रागानं नाही, पण समजूत घालण्यासाठीही नाही. माझं मोजणं चुकलं होतं. "किती झाले?" त्यांनी विचारलं. "सत्तर," मी अंदाजानं म्हटलं. "मग हात हलवू नका," त्या म्हणाल्या. त्या विषयावर आम्ही दोघी एवढंच बोललो.

तेराव्यानंतर घर आवरलं. दांडी दुरुस्त केलेला चष्मा रफूच्या डब्यात ठेवला. थेंबांची शेवटची बाटली फ्रिजच्या दारात अजून तशीच आहे, अर्धी भरलेली. हे म्हणतात टाकून दे, मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. परवा पुन्हा एकादशी झाली. सात वाजता माझे हात रिकामे राहीनात. मी वन्संच्या खाटेवर आडवी झाले, डोळे मिटले आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून मोजू लागले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते खरं आहे. तिथे दाबून धरलं की घशात काही उतरत नाही. सगळं गालावरच येतं.